वेदनाशामक गोळी, औषध कायदा आणि कामगार : वालीव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आकलन

बीजशब्द : वेदनाशामक, दाहशामक, औषध नियमावली, अनुसूची, लघुउद्योग, वालीव

प्रस्तावना

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गालगत, वसई पूर्वेस वसलेले वालीव आज गोलाणी नाका, सातिवली व गोखिवरे यांच्यासह लघुउद्योगांच्या गाळ्यांचा सलग पट्टा म्हणून ओळखले जाते. इ.स. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन वसई तालुका नव्या पालघर जिल्ह्यात गेला. या प्रशासकीय बदलांची नोंद दप्तरात आढळते. मात्र गाळ्यात दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या माणसाची कंबरदुखी कशी शमविली जाते, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. ती शमते 'मेडिकल'च्या काउंटरवर. "अंगदुखीची गोळी द्या" एवढे सांगितले की पट्टी कापून दोन-चार गोळ्या हातावर ठेवल्या जातात. चिठ्ठी मागितली जात नाही आणि दिलीही जात नाही.

या व्यवहाराकडे बहुधा अज्ञानाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडे वेगळे आहे. काउंटरवरचा हा व्यवहार औषध कायद्याच्या व औद्योगिक वस्तीच्या इतिहासातून घडलेला आहे आणि गोळीच्या सुरक्षित वापराचा प्रश्न त्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

गोळीचे आगमन आणि तिची दुसरी बाजू

गोळी येण्यापूर्वीही सांधे दुखत होते व सूज येत होती. निर्गुडीचा पाला, सुंठेचा लेप, तापविलेल्या विटेचा शेक हे उपाय कोकणपट्टीत घरोघरी ठाऊक होते व अजूनही आहेत. या उपायांना वेळ लागतो आणि विश्रांती लागते. कारखान्याच्या पाळीला दोन्ही परवडत नाहीत.

जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल शुद्ध स्वरूपात तयार केले व १८९९ पासून ते 'ॲस्पिरिन' या नावाने विकले जाऊ लागले. पुढे ॲस्प्रो, ॲनासिन ही नावे भारतीय शहरांतील भिंतींवर व वर्तमानपत्रांतून इतकी रुळली की डोकेदुखीच्या कोणत्याही गोळीला लोक त्याच नावाने ओळखू लागले. ॲस्प्रो विकणारी निकोलस लॅबोरेटरीज ही कंपनी १९८८ मध्ये मुंबईच्या पिरामल उद्योगसमूहाने घेतली. दरम्यान आयबुप्रोफेन १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आले, डायक्लोफेनॅक सत्तरच्या दशकात आले आणि निमेसुलाइड १९८५ मध्ये इटलीत आले.

येथे एका शास्त्रीय बाबीचा उलगडा आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. लंडनच्या गायज रुग्णालयातील डाउथवेट व लिंटॉट यांनी १९३८ मध्ये जठरदर्शक नळीतून पाहून ॲस्पिरिनमुळे जठराच्या आतील आवरणाला इजा होते असे नोंदविले होते. तिचे कारण मात्र १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ही औषधे प्रोस्टाग्लॅंडिन नामक द्रव्यांची निर्मिती रोखतात हे दाखविल्यावर स्पष्ट झाले. या संशोधनासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जी द्रव्ये सूज व वेदना निर्माण करतात, त्याच गटातील द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवितात. म्हणजे वेदना थांबणे आणि जठराला इजा होणे ही एकाच क्रियेची दोन टोके आहेत. 'चांगल्या कंपनीची' गोळी घेतल्याने दुसरे टोक नाहीसे होत नाही. दोन वेगवेगळ्या नावांच्या दाहशामक गोळ्या एकत्र घेतल्यास आराम दुप्पट होत नाही, अपाय मात्र वाढतो.

एक हजार वस्तीच्या गावासाठी केलेली सवलत

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा व त्याखालील नियमावली १९४५ ची. या कायद्यात 'चिठ्ठीविना विकण्याची औषधे' असा स्वतंत्र वर्गच नाही, ही गोष्ट अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. नियमावलीच्या अनुसूची 'एच'मधील औषध नोंदणीकृत वैद्यकाच्या चिठ्ठीवरच विकता येते. डायक्लोफेनॅक व निमेसुलाइड या अनुसूचीत आहेत. दुसऱ्या टोकाला अनुसूची 'के' आहे. तीत घरगुती उपायांची यादी असून ॲस्पिरिन व पॅरासिटामॉलच्या गोळ्या, वेदनाहारक मलम, ग्राइप वॉटर, एरंडेल, टिंक्चर आयोडीन अशा वस्तू विनापरवाना विकण्यास सवलत आहे. मात्र ती एक हजारापेक्षा अधिक लोकसंख्या नसलेल्या गावापुरती.

सवलतीमागील हेतू समजण्याजोगा आहे. जेथे औषधाचे दुकान नाही तेथे वाण्याच्या दुकानातून तापावरची गोळी मिळावी, एवढीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात लहान गावासाठी मान्य केलेली रीत शहराच्या काउंटरवर येऊन बसली आणि यादीतील दोन गोळ्यांच्या जागी यादीबाहेरच्या अनेक गोळ्या आल्या. महापालिकेचा प्रभाग असलेल्या वालीवला ही सवलत कोणत्याही अर्थाने लागू होत नाही. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सोळा औषधे चिठ्ठीविना विकू देण्याचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हाही त्यात डायक्लोफेनॅक मलमाच्याच रूपात होते. गोळी म्हणून पॅरासिटामॉल होते आणि उपचाराची मुदत पाच दिवसांपुरती होती. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या मनात मलम व गोळी यांतील भेद स्पष्ट होता. तो काउंटरपर्यंत उतरला नाही.

उतरविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे यांनी २०११ ते २०१४ या काळात दुकानात औषधनिर्माता हजर असणे व चिठ्ठीवरच विक्री होणे या जुन्याच नियमांची अंमलबजावणी कसोशीने केली. औषधविक्रेत्यांनी त्याविरुद्ध बंद पुकारले. नियम पाळण्याचा आग्रह हाच वादाचा विषय व्हावा, यावरून रूढी किती मुरली होती हे कळते.

खाडा, गाळा आणि पुडी

वालीवच्या गाळ्यांत काम करणाऱ्यांपुढचा प्रश्न औषधाचा कमी व खाड्याचा अधिक असतो. रोजंदारीवर असलेल्याने एक दिवस खाडा केला की त्या दिवसाची मजुरी जाते. कर्मचारी राज्य विमा योजनेचा मूळ कायदा १९४८ चा. या योजनेखाली आजारपणात मजुरीच्या सत्तर टक्के दराने वर्षातून ९१ दिवसांपर्यंत भत्ता मिळतो. परंतु साधारणतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेलाच ती लागू होते. पाच-सात माणसांचा गाळा या कक्षेबाहेर राहतो. विश्रांती विकत घेता येत नाही, गोळी मात्र काही रुपयांत मिळते. हा हिशेब कामगाराने चुकीचा केलेला नाही. तो त्याच्यासमोर तसाच मांडला गेलेला आहे.

त्यात कामाची स्थितीही भर घालते. पत्र्याखाली उकाड्यात घाम गाळणाऱ्याच्या शरीरातील पाणी कमी झालेले असते. अशा वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लॅंडिनवरच अधिक विसंबून असतो आणि नेमक्या त्याच वेळी गोळी त्यांची निर्मिती रोखते. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असल्यास धोका आणखी वाढतो. उपाशीपोटी चहाबरोबर गोळी घेणे, रात्री मद्यपानानंतर घेणे, कंबर दुखते म्हणून महिनोन्महिने घेणे या सवयी याच परिस्थितीत रुजतात. ब्रिटनमध्ये चिठ्ठीविना मिळणाऱ्या आयबुप्रोफेनची प्रौढांसाठीची कमाल मर्यादा दिवसाला १२०० मिलिग्रॅम व वापर थोड्या दिवसांपुरता असे वेष्टनावरच छापलेले असते. वालीवच्या ग्राहकाच्या हाती वेष्टनच येत नाही. पट्टी कापली की औषधाचे नाव, मात्रा व मुदत बहुधा उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहतात. आणि पूर्ण पट्टी मिळाली तरी तिच्यावरचा सावधगिरीचा मजकूर बारीक इंग्रजीत असतो. छोट्या दवाखान्यांतून मिळणाऱ्या बिननावाच्या पुडीची गोष्टही हीच. ब्रिटनने १९९८ मध्ये ॲस्पिरिन व पॅरासिटामॉलच्या पाकिटांतील गोळ्यांची संख्या घटविली ती सुरक्षिततेसाठी. आपल्याकडे सुटी विक्री खिशाला परवडते म्हणून चालते आणि तिने सुरक्षिततेचा मजकूरच कापला जातो.

बंदीचा मार्ग

शासनाचा हस्तक्षेप प्रामुख्याने बंदीच्या रूपाने झाला. हृदयविकाराचा धोका दिसल्यावर उत्पादकाने सप्टेंबर २००४ मध्ये रोफेकॉक्सिब जगभरातून मागे घेतले व त्याच वर्षी भारतातही त्यावर बंदी आली. फिनलंड व स्पेनने यकृताच्या अपायामुळे २००२ मध्ये निमेसुलाइडची विक्री थांबविली होती. भारतात बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी येण्यास २०११ साल उजाडले आणि १०० मिलिग्रॅमहून अधिक मात्रेच्या तोंडावाटे घेण्याच्या निमेसुलाइडवर डिसेंबर २०२५ मध्ये बंदी आली. १० मार्च २०१६ च्या अधिसूचनेने ३४४ मिश्रणे बंद केली. निमेसुलाइड व डायक्लोफेनॅक एकाच गोळीत असलेले मिश्रण त्या यादीत अगदी आरंभी होते. ते प्रकरण उच्च व सर्वोच्च न्यायालयांतून जाऊन सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी घालण्यात आली.

डायक्लोफेनॅकची सर्वाधिक चर्चा मात्र गिधाडांमुळे झाली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकात भरतपूर येथे गिधाडांची घट नोंदविली. मृत जनावरांच्या मांसातील डायक्लोफेनॅकने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात हे २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात पशुवैद्यकीय वापर बंद करण्याचे पाऊल उचलले गेले. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित केला. माणसाचे मूत्रपिंड योग्य मात्रेत हे औषध सहन करते. गिधाडाशी त्याची थेट तुलना करणे शास्त्राला धरून नाही. तरीही कुपीचा आकार बदलून गैरवापर रोखण्याची जी कल्पकता तेथे दाखविली गेली, ती गोळीच्या सुट्या विक्रीबाबत दाखविली गेली नाही, हे नमूद करणे भाग आहे.

बंदीने एखादे द्रव्य किंवा मिश्रण बाजारातून जाते; कापलेली पट्टी तशीच राहते. पावसाळ्यात वसई तालुक्यात डेंग्यूचे रुग्ण आढळतात, तेव्हा ही बाब निकडीची होते. डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवितात. तापासाठी पॅरासिटामॉलच, तेही ठरलेल्या मात्रेत, घ्यावयाचे असते. रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्णालयात येतो, डॉक्टर विचारतात की आधी कोणती गोळी घेतली, आणि उत्तर मिळते : पांढरी, गोल.