कामगार नुकसानभरपाई कायदा (1923)
कामावर असताना व कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई मालकाकडून मिळवून देणारा पूर्वीचा भारतीय कायदा. अंमल 1 जुलै 1924 पासून. 2009 च्या दुरुस्तीने नावातील ‘कामगार’ जाऊन ‘कर्मचारी’ आला. बोलण्यात मात्र जुनेच नाव टिकले. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नसे, हे याचे मर्म.

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के, कायमच्या पूर्ण अपंगत्वात 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणत असत. वयाच्या तिसाव्या वर्षी गुणक 207.98, म्हणजे 15,000 रुपये वेतनावर वारसांना 15,59,850 रुपये. आकडा मोठा वाटतो, पण तो उरलेल्या साऱ्या आयुष्याचा हिशेब असतो. अंगठा तुटला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली असे कायद्याचे परिशिष्ट मानत असे, मग तो सुताराचा असो वा पहारेकऱ्याचा.

दारूच्या नशेत झालेल्या इजेची भरपाई नाकारता येत असे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास नाही. दाव्याची मुदत दोन वर्षे. महिनाभरात रक्कम न दिल्यास 12 टक्के व्याज. कर्मचारी राज्य विमा योजनेचे लाभार्थी यातून वगळलेले होते. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये हा विषय सामावून घेतला असून 2025 मध्ये ती लागू झाल्यावर हा कायदा रद्द झाला.