फोटोखालचे नाव

आपल्या प्रत्येकीच्या घरी भिंतीवर एखादा तरी फोटो असतोच. त्यात कोण कोण आहे हे आपण पाहुण्यांना हौसेने सांगतो. पण तो काढला कोणी, असे विचारले तर आपल्यापाशी उत्तर नसते. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तरी फोटो काढणाऱ्याच्या हक्काविषयी वाचताना मला एका गृहिणीची हकीकत सापडली, ती सर्वांना कळावी असे वाटले.

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यास झाला. लग्नही तेथेच, १८३८ साली. यजमान मोठे कायदेपंडित होते. १८४८ साली हे कुटुंब विलायतेस गेले आणि पुढे वाइट बेटावर फ्रेशवॉटर या गावी राहू लागले. १८६३ च्या डिसेंबरात लेकीने व जावयाने बाईंना एक कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या, सहा मुलांच्या आई.

बाईंनी कोळशाच्या कोठीची अंधारखोली केली. कोंबड्यांचे खुराडे रिकामे करून तेथे फोटो काढण्याची जागा केली. त्या काळी काचेला रसायन लावून ती ओली आहे तोवरच फोटो घ्यावा लागे. हात डागाळत, काचा फुटत. त्यांनी कवी टेनिसन, शास्त्रज्ञ डार्विन यांचे फोटो काढले, तसे घरच्या मोलकरणींचेही काढले. फोटो धूसर येतात म्हणून जाणकारांनी नावे ठेवली, पण बाईंनी काम सोडले नाही.

आता मुख्य गोष्ट. १८६२ साली इंग्लंडात चित्रांबरोबर फोटोंनाही कॉपीराइट, म्हणजे स्वामित्वहक्क, देणारा कायदा झाला. लंडनमधील स्टेशनर्स हॉल येथे नोंदवही असे. तीत कामाचे थोडक्यात वर्णन, करणाऱ्याचे व मालकाचे नाव आणि पत्ता लिहावा लागे. नोंद नसेल तर नक्कल करणाऱ्यावर दावा करता येत नसे. कॅमेरॉनबाईंनी १८६४ ते १८७५ या काळात पाचशेहून अधिक फोटो स्वतःच्या नावाने नोंदविले. तेथील विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवण्याची पुरी मोकळीक १८८२ च्या कायद्याने मिळाली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सहीचे मोल कळते. ते नोंदीचे कागद आजही लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेले आहेत. त्यांच्या कित्येक फोटोंचा काळ त्यावरूनच ठरविता येतो.

इंग्लंडच्या १९११ च्या कायद्याने नोंदणीची सक्ती गेली. तोच कायदा आपल्याकडेही लागू झाला. मात्र त्यात, निगेटिव्ह काढली त्या वेळी ती ज्याच्या मालकीची, तोच फोटोचा कर्ता मानला जाई. काढणारा हात कोणाचा, हे पाहिले जात नसे. नावाची तर गोष्टच निराळी. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या यजमानांच्या नावाने छापले गेले. पुढे त्या देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून नावाजल्या आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ साली झाला. त्याने फोटो काढणारी व्यक्ती हीच कर्ती ठरविली. हे काम माझे, असे सांगण्याचा हक्कही कर्त्याला दिला. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोवरील कॉपीराइट कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे राहतो. नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. पण सरकारी नोंदवहीत नाव असेल, तर कोर्टात तो प्रथमदर्शनी पुरावा धरतात.

यात आपल्या संसाराशी जुळणारे एक कलम आहे. पैसे देऊन फोटो काढवून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणून लग्नामुंजीचे फोटो ठरविताना, कोठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी तो नीट वाचावा. उलट, आपल्यापैकी एखादीने हौसेने, कोणाकडून पैसे न घेता मंडळाच्या हळदीकुंकवाचा फोटो काढला, तर तो तिचा. तो छापायचा तर तिला विचारावे आणि खाली तिचे नाव द्यावे.

मंडळाच्या कपाटात जुन्या फोटोंचा गठ्ठा पडून आहे. काढणाऱ्यांची नावे ठाऊक असलेल्या भगिनी अजून आपल्यात आहेत. या वर्षी चौघी बसून प्रत्येक फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने साल आणि नाव लिहू या.