मुक्त अनुवादक : भाषेइतकाच व्यवहार

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करून घेणारे म्हटले की पूर्वी पुस्तक प्रकाशक, वृत्तपत्रे आणि आकाशवाणी एवढीच नावे समोर येत. आज बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, औषधांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्था, मोबाइल अ‍ॅप तयार करणाऱ्या कंपन्या आणि मालिका-चित्रपटांची उपशीर्षके लिहून घेणारे स्टुडिओ अशा अनेकांना मराठी मजकूर लागतो. यातील बरेचसे काम पगारी माणसाकडून नव्हे, तर बाहेरच्या अनुवादकाकडून करून घेतले जाते. त्यामुळे दोन्ही भाषांवर पकड असलेल्या व्यक्तीला या क्षेत्रात शिरकाव करणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते टिकणे. जे वर्ष-दीड वर्षात पुन्हा नोकरीकडे वळतात, त्यांचे मराठी बहुधा कच्चे नसते. दर कशावर मोजावा, काय लिहून घ्यावे आणि पैसे कसे वसूल करावेत, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

‘फ्रीलान्स’ हा शब्द वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या ‘आयव्हॅनहो’ या कादंबरीमुळे रूढ झाला. कोणत्याही एका सरदाराशी बांधील नसलेला, मोल घेऊन लढणारा भालाईत असा त्याचा मूळ अर्थ. मराठीत मात्र अशा कामाच्या मोबदल्याला ‘मानधन’ म्हणण्याची रीत पडली आणि या शब्दाने अनुवादकांचे बरेच नुकसान केले. मान देऊन झाला की धनाचा विषय काढणे दोन्ही बाजूंना अप्रशस्त वाटू लागते. बिलावर ‘अनुवाद शुल्क’ असे स्वच्छ लिहिलेले बरे.

दर कोणत्या शब्दांवर?

अनुवादाचा दर सामान्यतः शब्दामागे ठरतो. मात्र शब्द मूळ मजकुराचे मोजायचे की अनुवादाचे, हा प्रश्न नवोदित विचारीतच नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात, शिवाय इंग्रजीतील ‘द’, ‘अ’ ही उपपदे मराठीत नाहीत. ‘इन द हाउसेस ऑफ द व्हिलेजर्स’ या सहा शब्दांचे मराठी ‘गावकऱ्यांच्या घरांत’ असे दोनच शब्दांत होते. सगळीच वाक्ये इतकी आटोपशीर होत नाहीत हे खरे, तरीही मराठी अनुवादातील शब्दसंख्या मूळ इंग्रजीपेक्षा सहसा कमीच भरते. म्हणजे एकाच दराने काम करूनही, मोजणी मराठी शब्दांची असेल तर हातात कमी पैसे पडतात. मूळ मजकुरावर मोजण्याचा आणखी एक फायदा असा, की एकूण रक्कम काम सुरू होण्यापूर्वीच दोघांनाही कळते आणि पुढे वादाला जागा राहत नाही. पुस्तकाचे काम पृष्ठावर ठरत असेल, तर पृष्ठ म्हणजे किती शब्द हे आधी ठरवून घ्यावे.

मोठ्या संस्था संगणकीय अनुवाद-स्मृती वापरतात. आधी अनुवादित झालेली वाक्ये त्यात साठवलेली असतात आणि पुनरावृत्त वाक्यांसाठी दर कमी दिला जातो. ही सवलत किती, हे काम घेण्याआधीच विचारावे. या पद्धतीची ओळख करून घेण्यासाठी ‘ओमेगाटी’ ही विनामूल्य प्रणाली पुरेशी आहे. गूगलच्या भाषांतर सेवेत २०१३ मध्ये मराठीचा समावेश झाला, आणि आता यंत्राने केलेला अनुवाद केवळ ‘तपासून’ देण्याची कामेही पुष्कळ येतात. यंत्राचे मराठी वरवर सुबक दिसते, परंतु लिंग, आदरार्थी रूपे आणि वाक्यातील कर्ता यांत ते नेमके घसरते. अशी चूक शोधायला मूळ मजकूर ओळीओळीने वाचावाच लागतो. त्यामुळे या कामाचा दर शब्दाऐवजी तासावर मागणे अधिक न्याय्य ठरते.

फॉन्टचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तो रात्रीची झोप घालवू शकतो. अनेक छपाई-मांडणीकार अद्याप श्रीलिपीसारख्या प्रणालींमधील जुने फॉन्ट वापरतात. युनिकोडमधील मजकूर त्यात रूपांतरित करताना जोडाक्षरे आणि रफार मोडतात. हे रूपांतर आणि त्यानंतरचे मुद्रितशोधन कोणी करायचे, हे आधी ठरले नाही तर ते फुकटात अनुवादकाच्या गळ्यात पडते.

लेखी असावे

ओळखीच्या माणसाकडे करारपत्र मागायचे कसे, हा मराठी संकोच सर्वपरिचित आहे. परंतु मुद्रांकाची गरज प्रत्येक वेळी नसते. शब्दसंख्या, दर, मुदत, किती वेळा दुरुस्त्या करून मिळतील आणि पैसे किती दिवसांत मिळतील, एवढे ईमेलवर लिहून समोरच्याकडून ‘मान्य’ असे उत्तर घेतले तरी पुरते. करार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला एवढ्याच कारणावरून तो अवैध ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायदा सांगतो.

मध्यस्थ संस्थांकडून ‘आमच्या ग्राहकाकडूनच अजून पैसे आलेले नाहीत’ हे उत्तर हमखास मिळते. तशी अट मान्य केलेली नसेल, तर ते ऐकून घेण्याचे कारण नाही, कारण अनुवादकाचा व्यवहार त्या संस्थेशी झालेला असतो, तिच्या ग्राहकाशी नव्हे. येथे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा उपयोगी पडतो. केंद्र सरकारच्या ‘उद्यम’ संकेतस्थळावर एकट्या व्यक्तीलाही विनाशुल्क नोंदणी करता येते. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे कराराने ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागतात. लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देय होते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला ती करासाठी खर्च म्हणून दाखवता येत नाही. उद्यम क्रमांक बिलावर छापलेला असला, की कंपनीच्या लेखा विभागाचा सूर पुष्कळदा आपोआप बदलतो.

पुस्तकाच्या बाबतीत पैशाबरोबर हक्कांचाही प्रश्न असतो. मूळ लेखक हयात असेल किंवा त्याच्या निधनानंतरची ६० वर्षे उलटली नसतील, तर अनुवादासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. ती प्रकाशकाने घेतली आहे का, हे विचारण्यात संकोच नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार अनुवाद ही स्वतंत्र कलाकृती आहे आणि वेगळा करार नसेल, तर मुक्त अनुवादक हाच तिचा पहिला मालक असतो. हक्क प्रकाशकाला द्यायचे तर लेखी, स्वाक्षरी केलेले हस्तांतरण लागते. त्यात मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसल्यास तो भारत, असे कायदा मानतो. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ या छापील ओळीवर सही करण्यापूर्वी दुसऱ्या आवृत्तीचे काय, ध्वनिपुस्तकाचे काय, हे विचारून घ्यावे.

कर आणि विमा

बहुतेक कंपन्या बिलातून १० टक्के कर कापून घेतात. ही कपात म्हणजे अंतिम कर नव्हे; विवरणपत्र भरले की ती हिशेबात धरली जाते आणि जास्तीची रक्कम परत मिळते. उलट, कपात वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक होत असेल, तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च अशा चार हप्त्यांत आगाऊ कर भरावा लागतो. उत्पन्नाचा निम्मा भाग नफा मानण्याची सवलतीची योजना ठराविक व्यवसायांसाठीच आहे आणि त्या यादीत अनुवादाचा नावानिशी उल्लेख नाही. सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय ती वापरू नये. वस्तू व सेवा कराची नोंदणी महाराष्ट्रात सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेल्यावर आवश्यक होते, त्यामुळे पहिल्या वर्षी तिची चिंता बहुतेकांना नसते.

नोकरी सोडून या व्यवसायात येणाऱ्यांनी एक गोष्ट राजीनाम्यापूर्वीच करावी. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. नव्या वैयक्तिक विम्यात आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक योजनेत स्थलांतर केल्यास आधीच्या वर्षांचे श्रेय मिळते; मात्र त्यासाठीचा अर्ज नोकरीत असतानाच करणे श्रेयस्कर.