सरवा : बेने इस्रायल बायकांची मराठी तोराह

दारव्ह्यात आमचे बायकांचे एक वाचन मंडळ आहे. दर गुरुवारी दुपारी, भांडी-धुणे आटोपले की मंदिराच्या ओसरीवर दहा-बारा जणी जमतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचा एक अध्याय वाचायचा आणि मग त्यावर बोलायचे. ग्रामगीतेचे अध्याय एक्केचाळीस. सणवार, पेरणी, लग्ने यांत काही गुरुवार बुडतात, त्यामुळे एक आवर्तन साधारण वर्षात पुरे होते. संपले की पुन्हा पहिला अध्याय.

मी बारावीपुढे शिकले नाही. शिवणकाम, संसार आणि तालुक्याच्या वाचनालयातली पुस्तके हीच माझी पुढची शाळा. याच वाचनालयात एका पुस्तकात मला एक जुने चित्र दिसले. लुगडी नेसलेल्या बायका भाकऱ्या करत होत्या. चित्र 1874 साली पुण्यात छापलेल्या हगाद्यातले, म्हणजे ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या पोथीतले, आणि भाकऱ्या त्या सणाच्या बिनखमिरी. हिब्रू मजकुराशेजारी मराठी. माझ्या आजीसारख्या दिसणाऱ्या या बायका कोण, आणि त्यांच्या पोथीचा अर्थ त्यांना कोण सांगत होते, या प्रश्नामागे मी बारा वर्षे हिंडते आहे. मंडळात पहिल्यांदा 'तोराह' हा शब्द उच्चारला तेव्हा सगळ्या हसल्या. ''तोरा तं आमच्या सुनेले बी हाय!'' एक जण म्हणाली. हा लेख त्या हसण्यापासून सुरू झाला असे म्हटले तरी चालेल.

यवतमाळ जिल्ह्यात ज्यूंची वस्ती नाही. महाराष्ट्रातले ज्यू मुख्यतः कोकणचे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज इथे पोहोचले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली. घरात मराठी, आडनावे गावांवरून पडलेली : दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, अष्टमकर. सणांची नावेही मराठी. त्यांचे नवे वर्ष अनेकदा घटस्थापनेच्या आगेमागे येते. त्याला ते 'नव्याचा सण' म्हणत. शनिवारचा विश्राम, सुंता, खाण्याचे नियम आणि 'शमा इस्राएल' ही प्रार्थना त्यांनी शतकानुशतके जपली. ग्रंथ मात्र जवळ नव्हता. कोचीनहून आलेल्या धर्मशिक्षकांनी आणि मुंबईत उभ्या राहिलेल्या प्रार्थनालयांनी तो पुन्हा हाती दिला. सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले प्रार्थनालय बांधले ते 1796 साली.

तोराह म्हणजे मोशेची पाच पुस्तके. तिचे चोपन्न भाग पाडलेले आहेत. प्रत्येक आठवड्याचा भाग ठरलेला, तो शनिवारी प्रार्थनालयात वाचायचा. काही आठवड्यांत दोन भाग जोडून वाचतात आणि वर्षात ग्रंथ पुरा होतो. ज्या दिवशी शेवट वाचतात त्याच दिवशी उत्पत्तीचा पहिला अध्याय पुन्हा सुरू होतो. मराठी वाचकाला ही लय परकी वाटू नये. 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायणाची छप्पन्न गीते आली, तेव्हा घराघरांतून असेच झाले होते. कथा सगळ्यांना पाठ, तरी पुढच्या आठवड्याची वाट पाहायची. गीतरामायणाचे कवी ग. दि. माडगूळकर पुढे 1973 साली आमच्याच यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, म्हणून हा दाखला मला जवळचा.

प्रश्न असा की हे साप्ताहिक वाचन बायकांपर्यंत कसे पोहोचत होते? वाचन हिब्रूत, वाचणारे पुरुष, आणि बायकांची जागा बहुधा वरच्या सज्जात. मुलीला तोराह शिकवावी की नाही यावर ज्यू धर्माचार्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच वाद झाला होता. मिश्नेत बेन अझ्झाई म्हणतो, शिकवलीच पाहिजे. रब्बी एलिएझर त्याला कडाडून विरोध करतो. व्यवहारात बहुतेक ठिकाणी एलिएझरचे चालले.

पण जिथे ग्रंथाचे दार लोटलेले असते तिथे मातृभाषा खिडकीतून आत येते. पूर्व युरोपातल्या ज्यू बायकांसाठी याकोव्ह बेन इत्सहाक नावाच्या लेखकाने यिडिश या घरगुती भाषेत 'त्सेना उरेना' हे पुस्तक रचले. त्याची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आवृत्ती 1622 सालची आहे. रचना आठवड्याच्या भागांप्रमाणे, मधूनमधून कथा आणि बोध. तीनशे वर्षे शनिवारी दुपारी बायका ते वाचत राहिल्या. जिला वाचता येई ती मोठ्याने वाची, बाकीच्या ऐकत.

आपल्याकडे हे काम मराठीने केले. आरंभ मात्र वेगळ्याच हेतूने झाला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. त्यांना धर्मांतर हवे होते. समाजाने व्याकरण घेतले, शाळा घेतल्या, धर्म मात्र आपलाच ठेवला. 1846 साली मुंबईत मराठी अर्थासह हगादा निघाला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली. 1880 साली मुंबईत कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन झाले, आणि बेंजामिन अष्टमकर आदी मंडळींनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तने रचली. साकी, दिंडी, ओवी, पदे, सगळा थाट नारदीय कीर्तनाचा.

ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. कीर्तन म्हणजे नुसते गाणे नव्हे. पूर्वरंगात एक तत्त्व मांडायचे, उत्तररंगात त्यावर आख्यान लावायचे आणि ऐकणाऱ्याच्या संसाराशी त्याचा सांधा जुळवायचा, ही त्याची बांधणी. हिब्रू वाचनात ग्रंथ ऐकू येत होता. कीर्तनात त्याचा आपल्याशी काय संबंध हेही ऐकू येऊ लागले, आणि तेही आईच्या भाषेत.

कीर्तने रचली पुरुषांनी, पण विसाव्या शतकात ती जगवली बायकांनी. छापील पुस्तके विरली. पदे बायकांच्या वह्यांत उतरली. मेंदी, मलिदा, सणवार अशा निमित्तांनी गायली जाऊ लागली. संगीताच्या अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांनी भारतात आणि इस्रायलमध्ये हिंडून या गाण्यांचा मागोवा घेतला आहे. बायका संघटितही होत होत्या. 1913 साली मुंबईत बेने इस्रायल स्त्री मंडळ स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांत डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव येते. त्या पुढे कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या, 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. लंडनमध्ये शिकताना त्यांनी उदारमतवादी ज्यू चळवळ पाहिली होती. तिच्या धर्तीवर 1925 साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू झाली, त्यातही त्या पुढे होत्या. प्रार्थना समजली पाहिजे आणि बाईला तिच्यात जागा असली पाहिजे, हा त्या चळवळीचा आग्रह होता.

इथवरचा इतिहास पुस्तकांतून मिळतो. या पदांनी बायकांना काय दिले, ते कळण्यासाठी मात्र माणसांकडे जावे लागले. ठाण्याला शार हाशमायिम हे 1879 सालचे प्रार्थनालय आहे. त्या परिसरात मला ऐंशीच्या पुढच्या एक बाई भेटल्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले. पिवळ्या पडलेल्या दुरेघी वहीतून त्यांनी मला योसेफाचे पद म्हणून दाखवले. योसेफाला सावत्र भावांनी खड्ड्यात टाकले, विकले. पुढे तो मिसर देशात मोठा अधिकारी झाला आणि दुष्काळात धान्य मागायला तेच भाऊ त्याच्या दारी आले. मी विचारले, ''मावशी, या गोष्टीतून तुम्ही काय शिकलात?'' त्या म्हणाल्या, ''कधी विचारतेस त्यावर आहे. लहानपणी मला त्याचा रंगीत झगाच आवडायचा. लग्न होऊन नव्या घरी आले तेव्हा परक्या देशातला योसेफ आठवायचा. भावांनी वाटणीवरून बोलणं टाकलं तेव्हा शेवटचं पद म्हणताना आवाज फुटेना. माफ करणं किती अवघड, ते मला त्या पदाने सांगितलं. माफ कर, असं नाही सांगितलं.''

मी हे वाक्य वहीत उतरवून घेतले. पोथीतून बोध निघतो असे आपण सहज म्हणतो. मावशींच्या सांगण्यात बोध पोथीत ठेवलेला नव्हता. पोथी दर वर्षी तीच येत होती आणि समोरची बाई बदललेली असे. आवर्तनाचा खरा उपयोग हा. एकदा वाचून ज्याचा अर्थ संपतो त्याला आवर्तन लागत नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या टोकाहून नेहामा लायबोवित्झ या जेरुसलेमच्या शिक्षिकेने ओळखली होती. 1942 साली तिच्याकडे शेतवसाहतींतल्या काही बायका शिकायला आल्या. परत गेल्यावरही अभ्यास सुरू राहावा म्हणून त्यांनी काहीतरी मागितले. तिने त्या आठवड्याच्या तोराह-भागावर प्रश्न काढून कागद पाठवला. पुढच्या आठवड्याला पुढचा. जवळजवळ तीस वर्षे हे कागद निघत राहिले आणि हजारोंपर्यंत गेले. उत्तरे टपालाने येत, ती लाल शाईने तपासून परत पाठवी. त्या कागदांवर असत ते प्रश्न. बोध वाचणाऱ्याने आपला आपण काढायचा.

हे वाचून मी आमच्या मंडळात एक प्रयोग करायचे ठरवले. एका गुरुवारी ग्रामगीतेच्या अध्यायानंतर लेवीय पुस्तकातला एक नियम आणि रूथची गोष्ट सांगितली. नियम असा : शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत कापू नये, खाली पडलेले वेचू नये, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावे. त्या आधारावर रूथ ही परदेशी विधवा सासूला जगवण्यासाठी बवाजच्या शेतात मागे पडलेले धान्य वेचते. पुढे ती दावीद राजाची पणजी ठरते. असे मागे राहिलेले धान्य म्हणजे सरवा. हा शब्द उच्चारताच ओसरीवर चुळबुळ झाली. तो आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ''आता कोन येऊ देते व बाई वावरात? हार्वेस्टर फिरलं का झालं,'' एक जण म्हणाली. दुसरीने तुरीच्या सरव्याची आठवण काढली.

माझी आई कोपऱ्यात बसली होती. वय त्र्याऐंशी. ती सहसा बोलत नाही. तिने विचारले, ''सोडाच लागे का मालकाले?''

मी म्हटले, ''हो. नियमच होता. कोणी न्यायचं तेही मालकानं ठरवायचं नाही.''

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, ''म्हंजे ते भीक नोहती तं.''

मग तिने सांगितले, सगळ्यांसमोर, आणि मीही ते पहिल्यांदाच ऐकले. सहा-सात वर्षांची असताना ती तिच्या आईबरोबर गव्हाच्या ओंब्या वेचायला दुसऱ्याच्या वावरात जाई. एकदा रखवालदाराने ओच्यातल्या ओंब्या सांडायला लावल्या. घरी येऊन आजीने पोरींना बजावले, हे कोणाला सांगायचे नाही. आईने शहात्तर वर्षे ते सांगितले नव्हते. तीन हजार मैलांवरच्या एका जुन्या शेतनियमाने तिची मान वर केली. मी तिला कोणताही बोध दिला नव्हता. मी फक्त गोष्ट सांगितली, आणि प्रश्न तिने विचारला.

बेने इस्रायल बायकांच्या इतिहासाकडे मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेने पाहते. पुरुषांच्या हिब्रू वाचनातून जे सांडले ते बायकांनी मराठीत वेचले, असे आधी मला वाटायचे आणि त्यात थोडी कीव होती. पण सरवा वेचणारीचा शेतावर हक्क असतो, हे त्याच तोराहमध्ये लिहिले आहे. या बायकांनी वह्यांत भरून ठेवले ते त्यांच्या हक्काचे होते, आणि समाजाची मराठी तोराह आज उरली आहे ती बरीचशी त्यांच्या ओच्यात.

ती किती दिवस उरेल? 1948 नंतर समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघते, गाणीही गायली जातात. पण नातवंडांची भाषा आता हिब्रू आहे. इथे, भारतात, सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आत. मावशींच्या सुनेला वहीतले मोडीवळणाचे अक्षर लागत नाही.

आणि दुसऱ्यांच्या वह्यांची काळजी करताना मला स्वतःच्या घरचे बोलले पाहिजे. आईकडेही एक वही होती. भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, भजने. दहा वर्षांपूर्वी घराला रंग देताना ती रद्दीत गेली. दिली मीच, तेव्हा मला ती जुनी वही वाटली.

आता दर गुरुवारी वाचन संपले की आईला आठवेल ते एकेक गाणे मी नव्या वहीत लिहून घेते. आतापर्यंत एकोणीस झाली आहेत. काहींच्या ओळी मधूनच तुटतात. मग ओसरीवरची दुसरी कोणीतरी पुढची ओळ पुरवते.