पेठेतली शेती आणि फलटणचे बियाणे

नारायणराव पेशव्यांचे नाव मिरविणाऱ्या पुण्यातल्या ह्या पेठेत नांगर चालल्याचे कोणाच्या पणजोबांनीही पाहिले नसेल. परंतु मुठेच्या काठच्या ह्या एवढ्याशा टापूत शेतकऱ्याविषयी जितकी शाई खर्ची पडली, तितकी एखाद्या अख्ख्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांतही पडली असेल की नाही, ह्याची शंका वाटते. १९०५ साली लोकमान्य टिळकांनी गायकवाड वाडा खरेदी केला आणि ‘केसरी’चे बिऱ्हाड येथे कायमचे स्थिरावले. त्यापूर्वीच, १८९६-९७च्या दुष्काळात, दुष्काळसंहितेप्रमाणे साऱ्याची सूट-तहकुबी मागण्याचा आपला हक्क रयतेने ओळखावा म्हणून ह्याच पत्राने रान उठविले होते. पुढे तगाई, जमाबंदी, सावकारी खते आणि जप्ती ह्या विषयांना वाड्याच्या अंगणात कधी तोटा पडला नाही. पेठेतल्या पुष्कळ घरांचा शेतीशी प्रत्यक्ष संबंधही होता. मात्र तो सुगीनंतर दिंडीदरवाज्याशी येऊन थांबणाऱ्या, खंडाची पोती उतरवून त्याच पावली परतणाऱ्या बैलगाडीपुरता. अशा संबंधाचा जमाखर्च जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच मांडून ठेवला होता आणि पेठेने तो वाचण्याची फारशी घाई केली नाही. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ह्या ‘कृषकदिना’पासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे धनी ठरले, आणि पोती यायची थांबली.

शहरातल्या सुशिक्षितांच्या हातून जमीन सुटत होती, त्याच दशकात एक सुशिक्षित तरुण उलट दिशेने निघाला, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते. बनबिहारी विष्णु निंबकर ह्यांचा जन्म १९३१चा. त्यांची आई मूळची एलिझाबेथ लंडी, अमेरिकेतल्या क्वेकर पंथाच्या घराण्यातली. विवाहानंतर ती कमला निंबकर झाली आणि १९५०मध्ये मुंबईत व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी आशियातली पहिली शाळा तिने उभी केली. मुलाने अमेरिकेत कृषिशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. असे शिक्षण घेतलेल्या माणसाला त्या काळी सरकारी खात्यात किंवा महाविद्यालयात अंमळ बऱ्यापैकी खुर्ची मिळण्यास अडचण नव्हती. निंबकरांनी मात्र सातारा जिल्ह्यातले फलटण गाठले. नुकतेच विलीन झालेले हे छोटे संस्थान, एका अंगाला नीरेच्या उजव्या कालव्याखालचा हिरवा ऊस आणि दुसऱ्या अंगाला माणदेशाकडे सरकत जाणारे कोरडे माळरान, असे दुहेरी स्वभावाचे. त्यांच्या पत्नी जाई ह्या समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे ह्यांच्या कन्या आणि पुढे इंग्रजीतल्या मान्यवर कादंबरीकार. म्हणजे पुण्याचे विद्येचे जे काही संचित होते, त्यातला मोलाचा अंश फलटणला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

शेतकीचे शास्त्र पुण्याला परके नव्हते. नदीपलीकडच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान ह्यांनी पिंपळे सौदागर ह्या गावाची पाहणी करून १९१७ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातला एकच आकडा येथे पुरे आहे: १७७१च्या सुमारास त्या गावात खातेदाराची सरासरी जमीन चाळीस एकर होती, ती १९१४-१५पर्यंत सात एकरांवर आली होती. पेशवाईच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंतची ही घसरण. बांधावर बांध पडत गेले, एकाच खात्याचे तुकडे गावाच्या चार दिशांना विखुरले, आणि ज्याचे एक पीक बुडाले तर वर्ष बुडते, असा शेतकरी निर्माण झाला. अशा शेतकऱ्याला प्रयोग परवडत नाही. मोठा बागायतदार दहा एकरांपैकी एका एकरावर नवे बी टाकून पाहतो. दोन एकरांच्या धन्याला मात्र नवे बी पेरणे म्हणजे घरातल्या सर्वांच्या भाकरीवर पैज लावणे होय. तो नव्याला बिचकतो त्याला आपण अडाणीपणा म्हणतो. वास्तविक तो हिशेब आहे, आणि बहुधा बरोबर केलेला हिशेब आहे.

ह्या माणसापर्यंत शास्त्र न्यायचे कसे? आपल्या परंपरेत विद्या विकणे हे उणेपणाचे मानले गेले आणि पेठांनी हा संस्कार विशेष निष्ठेने जपला. दान द्यावे, व्याख्यान द्यावे, पुस्तिका छापावी, पण गल्ल्यावर बसू नये. ह्या वृत्तीचे उदात्त उदाहरण शोधायचे तर फार दूर जावे लागते. वर्ध्यात १८८४ साली जन्मलेले पांडुरंग खानखोजे टिळकांच्या प्रेरणेने परदेशी गेले, अमेरिकेत शेतकी शिकले, गदर चळवळीत शिरले, महायुद्धात इराणपर्यंत लढून आले आणि अखेर १९२४मध्ये मेक्सिकोत उतरून चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथल्या गरीब कुणब्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा काढल्या, मक्याच्या नव्या जाती तयार केल्या. चित्रकार दिएगो रिव्हेराने भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटणाऱ्या माणसाच्या जागी बसविले. टिळकांच्या एका अनुयायाने भाकरी वाटावी आणि ती मेक्सिकोत वाटावी, हा इतिहासाचा विनोद की आपल्या राज्यकर्त्यांचा नाकर्तेपणा, हे वाचकांनी ठरवावे.

निंबकरांनी वाटण्याचा नव्हे, विकण्याचा मार्ग धरला आणि त्याची लाज बाळगली नाही. फुकट मिळालेले बी पुष्कळदा दळणात जाते. पैसे मोजून आणलेले बी पाऊस पाहून, वाफसा पाहून, चांगल्या वावरात पडते. शिवाय विकणाऱ्यावरही एक तलवार टांगलेली असते: यंदा बी उगवले नाही, तर पुढच्या मृगाला दुकानाची पायरी कोणी चढत नाही. सरकारी प्रात्यक्षिकाचा अहवाल ‘समाधानकारक’ लिहिता येतो. दुकानदाराला तसे लिहून भागत नाही. त्यांची निंबकर सीड्स ही बियाण्यांची कंपनी ह्या परीक्षेला बसण्यासाठी होती, असे मी मानतो. काळही अनुकूल होता. १९६३मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले, १९६४मध्ये संकरित ज्वारीचे पहिले वाण, सीएसएच-१, शेतात आले, १९६६मध्ये बियाण्यांचा कायदा झाला. जालन्याला बद्रीनारायण बारवाले ह्यांनी १९६४मध्ये ‘महिको’ उभारली, आणि त्या कामाची परिणती १९९८च्या जागतिक अन्न पुरस्कारात झाली. बारवाले व्यापाराकडून शास्त्राकडे गेले, निंबकर शास्त्राकडून व्यापाराकडे आले.

तरीही व्यापाराला एक कुंपण आहे आणि ते निसर्गाने घातलेले आहे. संकरित वाणाचे पीक आले की त्यातलेच दाणे राखून पुढच्या वर्षी पेरता येत नाहीत. पेरले तर वाण फुटतो, ताटे उंच-ठेंगणी येतात, म्हणून शेतकऱ्याला दरसाल दुकानात यावे लागते आणि कंपनी जगते. ज्या पिकाचे बी घरच्या कणगीत राखता येते, त्यात कंपनीला दुसऱ्या वर्षी काय उरणार? आणि ज्या संशोधनाला दहा-पंधरा वर्षे लागतात, त्याला कोणता गल्ला पोसणार? ह्याच विवंचनेतून, असे दिसते, कंपनीच्या शेजारी १९६८मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, उभी राहिली. एकीने विकावे, दुसरीने शोधावे, ही घरातल्या घरात केलेली वाटणी निंबकरांच्या कर्तृत्वातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट होय. त्यांना पुढे जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला, तो ह्या वाटणीच्या दुसऱ्या बाजूसाठी.

करडईचे उदाहरण पाहा. कोरडवाहू रब्बीचे हे तेलबी ओल कमी असली तरी खोल मुळ्यांच्या बळावर तग धरते. परंतु पीक वाळले की त्याची पाने आणि बोंडे सुईसारख्या काट्यांनी भरतात. बाया पहाटे, दवाने काटे जरा नरमलेले असताना, हातापायांना फडकी गुंडाळून कापणीला उतरत. ऊन चढले की विळा खाली ठेवावा लागे. मजूर नाक मुरडीत, बैलसुद्धा त्या वावरात शिरायला कुरकुरत. नारीने बिनकाट्यांचे ‘नारी-६’ हे वाण काढले आणि त्यापाठोपाठ ‘नारी-एनएच-१’ हा बिनकाट्यांचा संकर. आता पाकळ्याही उघड्या हातांनी खुडता येऊ लागल्या. उपाय लागला तोवर मात्र पीकच मागे हटू लागले होते: स्वस्त आयात तेलाने बाजार व्यापला आणि हरभऱ्याने रान. ‘मधुरा’ ह्या गोड ज्वारीचेही थोडे असेच झाले. तिच्या ताटांच्या रसापासून काकवी आणि इंधनाचे अल्कोहोल करण्याची विद्या अनिल राजवंशी ह्यांनी फलटणलाच सिद्ध केली, पण तिला म्हणावे तसे गिऱ्हाईक मिळाले नाही.

मेंढीची हकिगत निराळी आहे. फलटण-लोणंदच्या धनगरांची दख्खनी मेंढी काटक, मैलोगणती चालणारी. पण एका वेतात तिला बहुधा एकच कोकरू. बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची अगदी लहान चणीची मेंढी आहे, तिला जुळी-तिळी सहज होतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालची काही मेंढरे जहाजातून ऑस्ट्रेलियात गेली होती. तेथल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांची बहुप्रसवता ज्या जनुकामुळे आहे, तेच जनुक गॅरोलमध्ये आहे, हे पुढे उघड झाले. निंबकरांच्या कन्या चंदा निंबकर ह्यांनी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातले संशोधक ह्यांच्या साहाय्याने हे जनुक दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांत आणले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. रक्ताच्या तपासणीने कोणत्या नराच्या अंगी जनुक आहे, हे आधीच सांगता येते. पण एकदा नर कळपात शिरला की त्याची संतती धनगराची. त्याला पुन्हा पाकीट घ्यायला दुकानात यावे लागत नाही, म्हणून हे काम कोणत्याही कंपनीने हाती घेतले नसते.

धनगरांनीही ते डोळे झाकून स्वीकारले नाही. दिवाळीनंतर कोकणच्या वाटेला लागणाऱ्या धनगरी वाड्याला रोज नवे रान गाठावे लागते. जुळी झाली तर दोन्ही पोरे आईच्या दुधावर निभतील का, चालीत मागे पडणारे कोकरू कोण उचलणार, हा त्यांचा आक्षेप मानच्या ग्रंथातल्या सात एकरांच्या खातेदाराइतकाच चोख हिशेबाचा होता. तेव्हा नुसता नर देऊन संस्थेला मोकळे होता आले नाही. मेंढ्यांना गाभणपणी आणि व्याल्यानंतर पूरक खुराक, लसी आणि औषधोपचार ह्यांची व्यवस्था कळपापर्यंत न्यावी लागली. निंबकर २०२१ साली निवर्तले, तेव्हा कंपनी, संस्था आणि हे कळप अशा तिन्ही ठिकाणी त्यांच्या कामाचा माग काढता येत होता, आणि त्यातला सर्वांत लांबचा माग धनगरांबरोबर घाट उतरून जात होता.