पार्थिव मूर्ती, शाहूपुरीतील कुंभार आणि पंचगंगा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तुत लेखात कोल्हापुरातील गणेशविसर्जनाचा विचार मूर्तीच्या द्रव्यात झालेल्या बदलाच्या अंगाने केला आहे. भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या व्रतात 'पार्थिव' गणेशाचे पूजन सांगितले आहे. पार्थिव म्हणजे पृथ्वीची, अर्थात मातीची. उत्तरपूजेनंतर मूर्तीतील देवत्वाचे विसर्जन होते आणि उरलेली माती पाण्याला मिळते. विधीचा अर्थच द्रव्याशी बांधलेला आहे.

१८९३ नंतर लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक उत्सव पसरला, मूर्ती मांडवात आली आणि कालांतराने तिची उंची वाढत गेली. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत व्यापारी पेठ म्हणून वसलेल्या शाहूपुरीतील कुंभार गल्ली आज मूर्तिकामासाठी ओळखली जाते. शाडूची मोठी मूर्ती जड होते, पावसाळी हवेत लवकर वाळत नाही, ने-आण करताना तडकते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसने या तिन्ही अडचणी एकदम दूर केल्या. परंतु पाण्यात कालवून घट्ट झालेले प्लॅस्टर म्हणजे जिप्समच. ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. शिवाय रासायनिक रंगांतील जड धातूंचा प्रश्न आहेच. (शाडूही बहुतांशी गुजरातेतून येतो, हे येथे नमूद करावयास हवे. 'आपल्या मातीची मूर्ती' हे वर्णन त्यामुळे अर्धेच खरे आहे.)

कुंभी, कासारी, तुळशी व भोगावती यांच्या संगमातून झालेल्या पंचगंगेच्या घाटावर पुरोगामी संघटनांनी मूर्तिदानाचा आग्रह धरला. अलीकडे इराणी खणीतही विसर्जन होते. मात्र नदीच्या प्रदूषणाचे सारे खापर उत्सवावर फोडणे योग्य नव्हे. जयंती नाल्याचे सांडपाणी आणि इचलकरंजीतील कापड प्रक्रिया उद्योगांचे पाणी यांना चतुर्थीचा मुहूर्त लागत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लॅस्टरच्या मूर्तींवर निर्बंध घातले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीस सांगितले, जूनमध्ये मूर्ती घडविण्यास मुभा देऊन नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जन रोखले, तर जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम कुंडांतच विसर्जित करण्याचे बंधन मार्च २०२६ पर्यंत घातले. मूर्तिकाराचे काम मात्र उत्सवाच्या कित्येक महिने आधी सुरू होते. जुलैचा आदेश आला तेव्हा चतुर्थी महिनाभरावर होती, आणि माती की प्लॅस्टर हा निर्णय कुंभाराने भांडवल गुंतवून केव्हाच घेतलेला होता.