लघुलहरींच्या कोष्टकांवरून कालनिर्णय

अंधेरी-बोरिवलीकडे किंवा मुलुंड-घाटकोपरास जुन्या रद्दींत 'इंडियन लिसनर' या नभोवाणीच्या पाक्षिकाचें सुटें पान हातीं आलें, तर संग्राहक चित्र तेवढें ठेवतो व लहरींचें कोष्टक टाकून देतो. आमच्या मतें हें उलट व्हावयास पाहिजे.

मुंबई केंद्राचा लघुलहरी प्रक्षेपक ४ फेब्रुवारी १९३८ रोजीं सुरू झाला. त्याची दिवसाची लहर सुमारें ३१ मीटर व रात्रीची सुमारें ६१ मीटर असे. त्यापूर्वीं १९२७ सालीं खडकीच्या बीम केंद्रांतून इंग्लंडशीं बिनतारी संदेशव्यवहार सुरू झाला होता. ग्रहणाची सोय दौंडास होती. तेथील लहरी दिवसा सुमारें १६ व रात्रीं सुमारें ३४ मीटरच्या. म्हणजे ३१ आणि ३४ या जवळजवळ सारख्याच लहरी. पण एक दिवसाची, दुसरी रात्रीची. तारीख-वेळ फाटलेल्या कागदावर नुसता हा आंकडा पाहून वेळ ठरविणारा येथें हटकून चुकेल.

याचें कारण आयनांबरांत आहे. सूर्यप्रकाशानें तो थर दिवसा दाट होतो, तेव्हां आंखूड लहरीही परततात. लांब लहरी मात्र खालच्या थरांत शोषिल्या जातात. रात्रीं थर विरळ झाला कीं आंखूड लहरी त्यास भेदून निघून जातात, म्हणून लांब लहर घ्यावी लागते. शिवाय इंग्लंडसारख्या दूरच्या ठिकाणासाठीं लहर तिरपी सोडतात. ती आंखूड असली तरी परतते. शेंदोनशें मैलांवरच्या श्रोत्यासाठीं ती जवळजवळ सरळ वर जाते, व तेथें लांबच लहर उपयोगी पडते. सबब लहरीचा आंकडा, वेळ व गांव हीं तिन्ही एकत्र वाचावीं. (शिशिरकुमार मित्र यांचा या विषयावरील १९४७ चा ग्रंथ बंगालच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनें छापला, हें आमच्या वाचकांस विशेष वाटेल.)

वर्षाचा निर्णय याहून नाजूक. सौरडागांचें प्रमाण १९३७ व १९४७ च्या सुमारास भरास आलें व १९४४ च्या सुमारास अगदीं ओसरलें. डाग वाढले म्हणजे अधिक आंखूड लहरी चालतात. यावरून केवळ अनुमान बांधावें, निकाल देऊं नये. कारण कोष्टक हा योजनेचा पुरावा आहे, प्रत्यक्ष ऐकूं आल्याचा नव्हे. तो पुरावा श्रोत्यानें समासांत पेन्सिलीनें केलेल्या टिपणांत असतो. असलें पान मिळाल्यास समास कापूं नये, व तें कोठें मिळालें हें वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावें.